धूर येतोय का?

गेली सात-आठ वर्षं आमच्या घरात एका दिव्याची चर्चा चालते. दिवा घरातला नाही, गाडीतला. चावी फिरवली की मीटरच्या चौकटीत इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. विझला तर आमची सकाळ बरी जाते. विझला नाही तर आम्ही काही बोलायच्या आधीच अम्मी स्वयंपाकघरातून विचारते, "लागला काय रे परत?"

एक खुलासा आधीच करून टाकतो. उर्दू शाळेत मुलांपुढे "हम" म्हणायची सवय जिभेला लागली आहे. मराठीत लिहायला बसलो तरी तोच "हम" कपडे बदलून "आम्ही" होऊन येतो. त्यात मोठेपणा नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आमचं दासगाव महाडच्या अलीकडे, सावित्रीच्या काठी, मुंबई-गोवा महामार्गाला लागून. आज रस्त्यानं जाणाऱ्याला खरं वाटत नाही, पण हे एके काळी बंदर होतं. २५ डिसेंबर १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या परिषदेसाठी आले ते मुंबईहून बोटीनं, आणि उतरले दासगावला. आमचे दादा सांगायचे, खाडीच्या वळणावर आगबोटीचा धूर दिसला की गावातली माणसं हातातलं काम टाकून बंदराकडे निघायची. मुंबईहून कोण आलं, काय आलं, कुणाची मनीऑर्डर, कुणाचा निरोप. धूर दिसणं म्हणजे घरी काहीतरी येणं.

अब्बांचा धूर वेगळा. ते कुवेतला होते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकी फौज घुसली तेव्हा इतर हिंदुस्थानी लोकांबरोबर अम्मानमार्गे विमानानं परत आले आणि दुसऱ्या वर्षी, पोटासाठी, पुन्हा गेले. तेव्हा तेलाच्या विहिरी अजून जळत होत्या. सहाशेहून जास्त विहिरींना आग लावलेली होती, शेवटची विहीर नोव्हेंबर १९९१ मध्ये विझली. अब्बा सांगतात, भर दुपारी गाड्यांचे दिवे लावून जावं लागे आणि वाळत घातलेला सदरा संध्याकाळी काळा होऊन हातात येई. आज त्यांची छाती वाजते ती त्यामुळे की नंतर वीस वर्षं ओढलेल्या सिगारेटींमुळे, हे कुणी डॉक्टर सांगू शकत नाही. अब्बांनी मात्र स्वतःपुरता निकाल लावून टाकला आहे. "धूर मी बघितलाय," ते म्हणतात. "मला कुणी धूर शिकवू नये."

गाडी घरात आली ती त्यांच्या हट्टानं. त्यामागे २००५ आहे. त्या वर्षी २५ आणि २६ जुलैच्या पावसात महाड तालुक्यात जुई, रोहन, कोंडिवते आणि आमच्या दासगावात दरडी कोसळल्या. आम्ही तेव्हा सोळा वर्षांचे होतो. त्या दोन दिवसांबद्दल आम्ही इथे लिहिणार नाही. ज्यांच्या घरची माणसं गेली त्यांनी ते लिहावं. आमच्या घरापुरतं एवढंच, की अब्बा कुवेतमध्ये फोन फिरवत राहिले आणि तीन दिवस फोन लागला नाही. कायमचे परत आले तेव्हा पहिलं वाक्य हे होतं की घरात गाडी पाहिजे. फिरायला नव्हे. मध्यरात्री कुणी दार वाजवलं तर सगळ्यांना घालून निघता आलं पाहिजे.

नवी घेण्याची ऐपत नव्हती. आमचं बी.एड. झालेलं, नोकरी शिक्षण सेवकाची, मानधन महिना आठ हजार. २०१५ मध्ये अब्बांच्या चुलतभावानं कुर्ल्याहून आपली डिझेल गाडी आम्हाला दिली, अर्धे पैसे तेव्हा आणि अर्धे सवडीनं. २०१२ चं मॉडेल. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण गाडीचा दोष कमी आणि ती ज्या रस्त्यांवर, ज्या हातांत चालते त्यांचा जास्त, असं आमचं आता मत झालं आहे.

ही गाडी मुंबईची होती, म्हणजे बीएस-४. हे आम्हाला नंतर कळलं. मुंबईसारख्या १३ शहरांत बीएस-४ चे नियम २०१० मध्ये लागू झाले आणि बाकी देशाला त्याच वर्षी बीएस-३ मिळालं. डिझेलचंही तसंच. बीएस-४ च्या डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत ५० भाग, बीएस-३ च्या डिझेलमध्ये ३५०. साऱ्या देशात ५० भागांचं डिझेल आलं ते १ एप्रिल २०१७ ला. म्हणजे आमची गाडी शहरात वाढलेली आणि पहिली दोन वर्षं तिला गावचं पाणी प्यावं लागलं. सून मुंबईची आणि विहीर गावची, असं अम्मी म्हणते. अम्मीच्या बोलण्यात या उपमेचा रोख नेहमी गाडीवरच असतो असं नाही.

दिवा पहिल्यांदा लागला २०१८ च्या हिवाळ्यात. गाडी चालत होती, फक्त चढावर जीव नसल्यासारखी, आणि रेस दिली की मागे काळा लोट. महाडला आमचा एक मिस्त्री आहे. पन्नाशीचा माणूस, कमी बोलणारा, हात काळे आणि शर्ट मात्र इस्त्रीचा. त्यानं स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावला आणि पडदा आमच्याकडे वळवला: पी ०४०१. "ईजीआर, सर. धूर परत फिरवायचा व्हॉल्व्ह. कार्बननं जाम झालाय."

धूर परत फिरवायचा म्हणजे काय, हे आम्ही विज्ञानाचे शिक्षक असून आम्हाला ठाऊक नव्हतं. मिस्त्रीनं त्याच्या भाषेत सांगितलं, बाकीचं आम्ही घरी वाचलं. हवेत चार भागांतले तीनहून जास्त भाग नायट्रोजन असतो. साध्या तापमानाला तो कुणाच्या अध्यात नसतो, मध्यात नसतो. पण डिझेल इंजिनात इंधन जळताना हवा इतकी तापते की हा गरीब वायूसुद्धा ऑक्सिजनशी जोडला जातो आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. श्वासनलिकेला ती झोंबतात, पावसात मिसळून तेजाब बनतात, उन्हात जमिनीलगतचा ओझोन तयार करतात. त्यावर तोडगा असा की बाहेर जाणाऱ्या धुरातला थोडा धूर व्हॉल्व्हमधून पुन्हा इंजिनात सोडायचा. चुलीवर ओलं लाकूड सरकवलं की जाळ जसा मंदावतो, तसं आतलं तापमान उतरतं आणि ऑक्साइडं कमी होतात.

हा तोडगा कागदावर छान आहे. पण त्या धुरात काजळी असते, इंजिनाच्या आतून येणारी तेलाची वाफ तिला भेटते, आणि दोघींचं मिळून डांबर होतं. गाडी लांब पल्ल्यावर, तापलेल्या इंजिनानं, जरा वेगात चालली तर काजळी कमी बसते. आमची गाडी चालते घर ते शाळा, नऊ किलोमीटर. महामार्गाच्या चौपदरीकरणाचा पनवेल-इंदापूर टप्पा २०११ मध्ये सुरू झाला, आमच्याकडचं काम त्यानंतर. कामं चालू असताना आमची कित्येक वर्षं दुसऱ्या गियरमध्ये गेली. कधी हा रस्ता बंद, कधी तो, पुढे खडीचा डंपर, मागे एसटी. इंजिन तापेतो शाळेचं फाटक येई.

मिस्त्रीनं व्हॉल्व्ह खोलून दाखवला. अंगठ्याएवढी वाट चण्याएवढी उरली होती. त्यानं स्प्रे मारला, ब्रश फिरवला, पॅकिंग बदललं, अठराशे रुपये घेतले. दिवा विझला. आम्ही मिठाई घेऊन घरी गेलो. पाच महिन्यांनी दिवा परत.

त्यानंतरची तीन-चार वर्षं एका ओळीत सांगण्यासारखी आहेत: व्हॉल्व्ह, सेन्सर, वायर, पुन्हा व्हॉल्व्ह. एकदा उंदरानं वायर खाल्ली होती. एकदा हवा मोजणारा सेन्सर बदलला आणि नंतर कळलं की तो चांगलाच होता. दर खेपेला मिस्त्री म्हणे, "सर, आता बघायला नको," आणि आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवत असू. २२ जुलै २०२१ ला महाड बुडालं तेव्हा त्याचं गॅरेज पाण्याखाली गेलं. स्कॅनर, हत्यारं, उधारीची वही, सगळं चिखलात. महिन्याभरानं आम्ही गेलो तेव्हा तो पाने रॉकेलमध्ये बुडवून एकेक पुसत बसला होता. वहीचं म्हणाल तर, तो म्हणाला, ज्यांनी स्वतःहून येऊन सांगितलं त्यांचेच पैसे मिळाले. आमचे नऊशे होते. आम्ही सांगितले. हे आमच्या प्रामाणिकपणाच्या खात्यात लिहून ठेवावं, कारण पुढे त्या खात्यातून बरंच वजा होणार आहे.

पीयूसीची गोष्ट. गाडीचा धूर ठरलेल्या मर्यादेत असलाच पाहिजे असं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ११५ वा नियम सांगतो आणि त्यासाठी हे प्रमाणपत्र असतं. बीएस-४ गाडीला वर्षातून एकदा. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१७ मध्ये पीयूसीशिवाय विम्याचं नूतनीकरण करू नये असं सांगितलं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंडाची मर्यादा दहा हजारांवर गेली. डिझेल गाडीची तपासणी अशी: गाडी जागेवर उभी, सायलेन्सरमध्ये नळी, रेस तळापर्यंत दाबायची, आणि धुरातून उजेडाचा झोत किती अडतो ते यंत्र मोजणार. बीएस-४ ला मर्यादा ५०, त्याआधीच्या गाड्यांना ६५.

आम्हाला हे सगळं ठाऊक असण्याचं कारण एका वर्षी आमची गाडी ६१ वर गेली. केंद्रावरचा मुलगा आमच्याकडे बघून हसला. कुठलं केंद्र ते विचारू नये. "सर, तुम्ही आमच्या बहिणीला शिकवलंय," असं म्हणून त्यानं नळी बाहेर काढली, सायलेन्सरपासून वीतभर लांब धरली आणि म्हणाला, हळू दाबा. आकडा ३८. कागद छापून आला, वर आमच्याच नंबरप्लेटचा फोटो. आम्ही पैसे दिले, शुक्रिया म्हटलं आणि कागद घडी करून खिशात घातला. त्याच आठवड्यात पर्यावरणाच्या प्रकल्पाच्या वह्या तपासायला घेतल्या होत्या. लाल पेनानं आम्ही एका मुलाला लिहिलं, "मालूमात खुद जमा करो, नक़ल मत करो."

आता ती रात्र. २०२२ चा पाऊस, रात्रीचे साडेबारा. अब्बांचा श्वास लागला. पंप मारला, वाफ दिली, ओठ निळसर दिसायला लागले. माणगावला न्यायचं ठरलं. अम्मी मागे त्यांना धरून, आम्ही पुढे. महामार्गाला लागलो आणि पिवळा दिवा लागला. रोजचाच आहे म्हणून दुर्लक्ष केलं. पण या वेळी गाडीनं मान टाकली. रेस पूर्ण दाबली तरी काटा चाळीसच्या वर जाईना. मिस्त्री याला लिम्प मोड म्हणतो. काहीतरी बिघडलंय हे कळून इंजिन स्वतःला वाचवण्यासाठी ताकद कमी करून घेतं. व्हॉल्व्ह उघडा राहून अडकला होता, हे दुसऱ्या दिवशी कळलं. त्या रात्री एवढंच कळत होतं की ज्या एका कामासाठी ही गाडी घरात आली, ते काम आज आलं आहे आणि ती लंगडते आहे. ट्रकवाले हॉर्न मारत बाजूनं जात होते. अब्बांच्या छातीची शिट्टी आणि इंजिनाचा घरघराट, दोन्ही ऐकत आम्ही लोणेऱ्यापर्यंत गेलो, मग माणगाव. ऑक्सिजन लागला. पहाटेपर्यंत रंग परत आला. शुद्धीवर येऊन अब्बांनी पहिलं काय विचारलं असेल? "गाडीला काय झालं?"

तिसऱ्या दिवशी आम्ही मिस्त्रीसमोर उभे राहिलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर आवाज चढवला. तो ऐकून घेत होता. मग आत जाऊन त्यानं पत्र्याची एक पट्टी आणली, पत्त्याच्या पानाच्या निम्म्या आकाराची, मध्ये बारीक भोक. "सर, इतकी वर्षं मी तुम्हाला हे सांगितलं नाही, कारण तुम्ही शिक्षक. बाकी निम्म्या गाड्यांना मी हेच घालतो. ईजीआरच्या तोंडावर ही पट्टी बसवायची. धूर परत जायचाच बंद. भोक एवढ्यासाठी की थोडा धूर जाऊ दे, नाहीतर कॉम्प्युटरला कळतं आणि दिवा लागतो. पिकअप वाढेल, अॅव्हरेज वाढेल, काळा धूर जवळजवळ जाईल. रात्री-अपरात्री गाडी दगा देणार नाही."

किंमत विचारली. पट्टीचे पन्नास, मजुरी दोनशे. नवा व्हॉल्व्ह साडेअकरा हजार होता. आम्ही पट्टी बसवली. यात आम्हाला फसवलं वगैरे काही नाही. ती पट्टी काय करते हे त्या गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या माणसांत सगळ्यात चांगलं आम्हालाच ठाऊक होतं.

आणि मिस्त्रीचं प्रत्येक वाक्य खरं ठरलं. दासगावच्या खिंडीत गाडी तिसऱ्या गियरवर हसत चढली. लिटरमागे दीड किलोमीटर वाढले. पुढच्या पीयूसीला आम्ही मुद्दाम दुसऱ्या केंद्रावर गेलो, नळी नीट आत घालायला लावली, रेस तळाला दाबली. आकडा आला १९. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खरी तपासणी, खरा कागद आणि पहिला नंबर. आम्ही तो कागद दोनदा वाचला. उजेड अडवते ती काजळी, आणि काजळी कमी झाली होती. नायट्रोजनची ऑक्साइडं त्या झोताच्या आड येत नाहीत. त्या यंत्रावर त्यांच्यासाठी खाना नव्हता. बीएस-४ डिझेल मोटारीला त्यांची मर्यादा किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅम घातलेली आहे, पण ती तपासतात नवं मॉडेल बाजारात येण्याआधी, प्रयोगशाळेत. एकदा गाडी रस्त्यावर आली की तिला तो प्रश्न पुन्हा कुणी विचारत नाही.

आठवीच्या सामान्य विज्ञानात प्रदूषणाचा धडा आहे. दरवर्षी शिकवतो. त्या वर्षी फळ्यावर तक्ता काढला, एका बाजूला वायू, मध्ये उगम, शेवटी परिणाम. नायट्रोजनच्या ऑक्साइडांसमोर आम्ही "मोटरगाड़ियां" लिहिलं, त्यापुढे "सांस की बीमारियां". लिहून वळलो तर मागच्या बाकावरचा एक मुलगा हात वर करून उभा. महामार्गालगत राहतो, सायकलनं येतो, रोज आमच्या मागे असतो. "सर, आपकी गाड़ी अब बिलकुल धुआं नहीं देती," तो कौतुकानं म्हणाला. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मुलं शिक्षकाच्या गाडीबद्दल इतकी बारीक नजर ठेवून असतात हे आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही डस्टर उचललं आणि फळा पुसला. तक्ता अजून मुलांनी उतरवून घेतलेला नव्हता.

पण गोष्ट तिथे संपली असती तर आम्ही ती पचवली असती. माणूस पुष्कळ काही पचवतो. सकाळी निघण्याआधी आम्ही गाडी चालू करून पाच मिनिटं तशीच ठेवत असू, गरम व्हायला. अंगणात, पडवीला लागून. अब्बा त्या वेळी पडवीतल्या खुर्चीत चहा घेऊन बसलेले असत. पूर्वी इंजिन सुरू झालं की काळा भपका येई आणि अब्बा शिव्या देत, कप उचलून आत जात. "तुझा कुवेत सुरू झाला," असं म्हणत. पट्टी बसवल्यावर भपका बंद झाला. अब्बा आता उठत नव्हते. खुर्ची उलट गाडीच्या जवळ आली, कारण तिथे कोवळं ऊन येतं. चहा, वर्तमानपत्र आणि सायलेन्सर पाच-सहा फुटांवर. आम्ही आरशात त्यांना बघत असू. त्या हिवाळ्यात त्यांचा सकाळचा खोकला वाढला होता. तो धुरानं वाढला असं आम्ही म्हणणार नाही. हिवाळा होता, वय होतं, औषध चुकत होतं. आम्हाला फक्त एवढं दिसत होतं की ज्या माणसानं आयुष्यभर डोळ्यांनी धूर ओळखून स्वतःला वाचवलं, त्याच्या डोळ्यांपुढून आम्ही तो धूर काढून घेतला होता.

त्या दिवसांत आम्ही रात्री वाचत बसायचो. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगन कंपनीचं बिंग अमेरिकेत फुटलं, ती बातमी तेव्हा वाचली होती पण डोक्यात शिरली नव्हती. गाडी तपासणीच्या रोलरवर आहे हे ओळखणारी आज्ञावली त्यांनी इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये घातली होती. तपासणीत गाडी साळसूद, रस्त्यावर नायट्रोजनची ऑक्साइडं मर्यादेच्या कितीतरी पट. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. आपल्याकडे पुण्याच्या टेकडीवरच्या एआरएआय या संस्थेनं तपासणी केली. रस्त्यावर हे वायू बीएस-४ च्या मर्यादेच्या १.१ ते २.६ पट निघाले. कंपनीनं भारतात नियम मोडल्याचं मान्य केलं नाही, पण डिसेंबर २०१५ मध्ये ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं ५०० कोटींचा दंड सांगितला, मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं कारवाईला स्थगिती दिली. हे वाचताना आम्हाला आमच्या मिस्त्रीचं कौतुक वाटलं. इंजिनिअरांच्या फौजेनं जे केलं ते त्यानं पन्नास रुपयांच्या पत्र्यात केलं होतं, आणि भोकाचं डोकंही त्याचंच.

डिसेंबर २०२३ मध्ये, नाताळच्या सुट्टीत, आम्ही गाडी घेऊन गेलो आणि पट्टी काढायला सांगितली. मिस्त्रीला वाटलं आमची काहीतरी तक्रार आहे. "पिकअप कमी वाटतंय का?" "नाही." "दिवा?" "नाही." "मग?" आम्ही त्याला अब्बांच्या खुर्चीचं सांगितलं. तो बराच वेळ हात पुसत राहिला. मग म्हणाला, "सर, माझ्या गॅरेजमध्ये दिवसाला आठ-दहा डिझेल गाड्या चालू असतात. मी कुठं खुर्ची हलवू?" याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. बी.एड.ला असं काही शिकवत नाहीत.

नवा व्हॉल्व्ह घातला. या वेळी त्यानं मॅनिफोल्डही उतरवून घेतला आणि आतलं डांबर स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडून काढलं. वर्तमानपत्रावर मूठभर ढीग झाला. एकूण सोळा हजार. पगार आता वेतनश्रेणीत आहे, तरी घरी सांगताना आम्ही चौदा सांगितले. त्यानं दोन गोष्टी बजावल्या. सकाळी गाडी उभी ठेवून गरम करायची नाही, चालू केली की मिनिटाभरात हळूहळू निघायचं. आणि आठवड्यातून एकदा तिला माणगावच्या पलीकडे मोकळ्या रस्त्यावर खालच्या गियरमध्ये, जरा चढ्या इंजिनानं, अर्धा-पाऊण तास पळवायचं. तेव्हापासून रविवारी सकाळी आम्ही, अम्मी आणि अब्बा असे तिघं निघतो. काही काम नसतं. इंदापूरला चहा घेतो आणि परत येतो. डिझेल जळतं त्याचा हिशोब आम्ही करत नाही, करायला हवा.

पट्टी निघाल्यावर पीयूसीचा आकडा १९ वरून ३४ वर गेला. म्हणजे कागदोपत्री आमची गाडी बिघडली. २०२७ मध्ये तिला पंधरा वर्षं पुरी होतील, मग पेणच्या आरटीओची तपासणी, पुन्हा नोंदणी, पर्यावरण कर. चुलतकाका म्हणतात, भंगारात काढा. अम्मी म्हणते, चालतेय तोवर चालू दे. अब्बा फक्त विचारतात की पावसाळ्याच्या आधी काढणार की नंतर.

मागच्या आठवड्यात दिवा पुन्हा लागला. सकाळची वेळ, अब्बा खुर्चीत, हातात कप. आम्ही बोनेट उघडून उगाच आत बघत होतो.

"धूर येतोय का?" त्यांनी विचारलं.

आम्ही मागे जाऊन बघितलं. "येतोय. थोडा काळा."

"मग थांब, मी आत जातो," असं म्हणून त्यांनी कप उचलला.